'बरी झाली' म्हणजे काय?

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एखादा लेख नव्या उपचारांवर असतो, एखादा जुन्या गुरुजनांच्या आठवणींवर. या वर्षी संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा उपचारांविषयी न लिहिता उपचार संपल्यानंतरच्या काळाविषयी लिहावे, असे मी ठरवले. या विषयात माझा अधिकार एवढाच की माझ्या हातून त्यात तीन चुका झाल्या, आणि त्या तिन्ही माझ्याच घरात झाल्या. जिच्याविषयी लिहितो आहे तिने हा मजकूर वाचून अनुमती दिली आहे. नाव मात्र मी लिहीत नाही.

२००९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या चुलतभावाची मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचे पोट फुगू लागले आणि ओटीपोटात दुखू लागले. घर लष्करातल्या जुन्या वस्तीतले, समोरच्या गॅलरीतून अंगणात काय चालले आहे ते दिसावे असे. अविवाहित मुलीचे पोट वाढते आहे हे लक्षात येताच वहिनींना पहिली भीती वाटली ती लोकांची. मुलीला सैल कपडे घालायला सांगितले गेले, ओवा झाला, हिंग झाला, गॅसच्या गोळ्या झाल्या. यात तीन आठवडे गेले. मी हाकेच्या अंतरावर राहतो, तरी मला बोलावणे आले ते तिला जिना चढवेना तेव्हा.

पोटावर हात ठेवताच गाठ लागली. सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. अल्फा फीटोप्रोटीन, ज्याला आपण एएफपी म्हणतो, हजारोंच्या घरात होते. शस्त्रक्रियेत गाठीसह एक अंडाशय काढले. दुसरे अंडाशय आणि गर्भाशय राखता आले. पॅथॉलॉजीचा अहवाल आला : योक सॅक ट्यूमर.

ही स्मरणिका डॉक्टरांच्या घरची मंडळीही वाचतात, म्हणून थोडे सांगतो. अंडाशयाचा कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशी उलटलेली स्त्री येते, आणि ते बरोबरच आहे. बहुतेक रुग्ण त्याच वयाचे असतात. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे ४७ हजार नवे रुग्ण आढळले. यांतले बहुतेक अंडाशयाच्या आवरणाशी निगडित पेशींपासून उद्भवणारे. बीजपेशींपासून उद्भवणारे कर्करोग त्या मानाने फार थोडे, आणि ते होतात मुलींना व तरुणींना. योक सॅक ट्यूमर हा त्यांतला अत्यंत वेगाने वाढणारा प्रकार. महिन्यांचे काम तो आठवड्यांत करतो. म्हणून ते तीन आठवडे मला आजही टोचतात.

आता माझी पहिली चूक. मी गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो १९७० च्या दशकाच्या आरंभी. तेव्हा पुस्तकात याचे नाव एंडोडर्मल सायनस ट्यूमर असे होते. डेन्मार्कचे पॅथॉलॉजिस्ट गुन्नार टाइलम यांनी १९५९ साली या गाठीचे यथार्थ वर्णन केले होते. आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले आणि त्याखालची एक ओळही पाठ केली : बहुतेक रुग्ण दोन वर्षांत दगावतात. पुढे चाळीस वर्षे कुटुंबवैद्य म्हणून काम करताना असा रुग्ण माझ्याकडे एकही आला नाही. त्यामुळे ती ओळ माझ्या डोक्यात जशीच्या तशी राहिली. अहवाल हातात घेऊन मी चुलतभावाला व्हरांड्यात एका बाजूस नेले आणि म्हणालो, "फार आशा ठेवू नकोस." मुलगी दहा पावलांवर खाटेवर होती. रोग तिचा, निदान तिचे, आणि ते ऐकले मात्र आम्ही दोघा पुरुषांनी.

ती ओळ कधीच जुनी झाली होती. बार्नेट रोझेनबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ विजेच्या प्रवाहाचा जिवाणूंवर काय परिणाम होतो हे पाहत होते. जिवाणू विभागेनासे झाले. शोध घेता कळले की हा प्रताप विजेचा नसून प्लॅटिनमच्या तारांतून सुटलेल्या द्रव्याचा आहे. १९६५ साली हे प्रसिद्ध झाले, १९७८ साली सिस्प्लॅटिनला अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि त्याच्या जोडीला ब्लिओमायसिन व इटोपोसाइड देण्याची पद्धत रूढ झाल्यावर या रोगाचे चित्र पालटले. आज प्राथमिक अवस्थेत सापडलेल्या रुग्णांपैकी दहांतल्या नऊहून अधिक जगतात. आजार पसरलेला असला तरी पुष्कळ जणी बऱ्या होतात. पूर्वी प्राणघातक ठरलेला हा रोग आता केमोला उत्तम दाद देणाऱ्या कर्करोगांत गणला जातो. हे मला ठाऊक असायला हवे होते. दुर्मीळ रोगाच्या बाबतीत आपले ज्ञान महाविद्यालय सोडले त्या वर्षी थांबलेले असण्याचा संभव फार, आणि आपली ग्वाही मात्र घरच्यांना आजची वाटते. चार दिवस माझ्या भावाने मुलीला मुंबईला न्यावे की नाही याचा विचार केला. चार दिवस, माझ्या एका वाक्यामुळे.

त्याला शहाणपण सुचले आणि ती मंडळी पंजाब मेलने निघाली. ग्वाल्हेरहून परळला जाणाऱ्या कुटुंबांची वाट ठरलेली आहे. दादरला उतरायचे, गाडगेमहाराज मिशनच्या धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा मिळते का पाहायचे, आणि सकाळी टाटा स्मारक रुग्णालयाच्या रांगेत उभे राहायचे. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाच्या आवारात आपल्याकडची बोली कानावर पडली नाही असा दिवस विरळा. दर एकवीस दिवसांनी एक याप्रमाणे केमोचे चार फेरे झाले. त्या तीन महिन्यांत वहिनी एकदाही ग्वाल्हेरला आल्या नाहीत.

आणि इथे माझी दुसरी चूक. घरी तेरा वर्षांचा मुलगा आजीपाशी राहिला होता. "ताईच्या पोटात गाठ होती, काढली, आता मुंबईला हवापालट," असे त्याला मीच सांगितले. मुलगा हुशार होता. सहामाहीत तो तीन विषयांत नापास झाला. कारण पुढे कळले. ताई वारली आहे आणि आपल्यापासून लपवले जात आहे, अशी त्याने मनाशी खूणगाठ बांधली होती. फोनवर तिचा क्षीण आवाज ऐकवला, तर तो कुणा दुसरीचा वाटे. २०१८ साली सोनाली बेंद्रे यांना दूरवर पसरलेला कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांनी व त्यांच्या पतीने आपल्या बारा वर्षांच्या मुलाला खरे काय ते सांगायचे ठरवले आणि तसे जाहीरपणे लिहिलेही. ते वाचताना मला माझा हा पुतण्या आठवला. मुलांना आपण दुःखापासून वाचवत नाही. फक्त त्या दुःखात त्यांना एकटे सोडतो.

२०१० च्या जानेवारीत एएफपी सामान्य पातळीवर आले होते, स्कॅन स्वच्छ होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले, रेमिशन आहे. हा शब्द घरात आणण्याचे काम माझ्याकडे आले. मराठीत त्याला उपशम म्हणतात. रोगाची खूण आज कुठेही सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढचे काही काळ पाहत राहिल्याशिवाय सांगता येत नाही. मी एवढे कुठे सांगत बसतो? मी म्हणालो, "बरी झाली." मांढरेच्या मातेची ओटी भरली गेली, गल्लीत पेढे वाटले गेले. आनंद रास्तच होता. परंतु त्या दोन शब्दांनी मी एक दार लावून घेतले. बरी झालेली मुलगी दर महिन्या-दोन महिन्यांनी रक्त का तपासून घेते, तपासणीच्या आदल्या रात्री तिला झोप का येत नाही, साध्या अपचनाने ती का घाबरते, याला मग घरात जागाच उरली नाही. "आता कशाला तो विषय?" असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला मिळाला. वडिलांनी सगळी कागदपत्रे कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिली.

आजार चालू असतो तेव्हा घराला काम असते. गाडीचे आरक्षण, रक्ताची सोय, पथ्याचा डबा. प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येते आणि त्या धावपळीत भीती मागे पडते. उपशमात काम संपते आणि भीती तेवढी उरते. या काळासाठी आपल्या वैद्यकाने कुटुंबाच्या हाती फारसे काही दिलेले नाही.

तिसरी चूक सर्वांत मोठी. २०१२ च्या वैशाखात तिचे लग्न ठरले, सासर इंदूरचे. उपचार संपून दोन वर्षे उलटली होती आणि या रोगात उलटण्याचा मुख्य धोका पहिल्या दोन वर्षांतच असतो, त्यामुळे लग्न करण्यास वैद्यकीय हरकत काहीच नव्हती. प्रश्न होता, सांगायचे की नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सांगितलं तर हे स्थळ जाईल, आणि पुढचंही येणार नाही. सगळ्यांच्या ओळखी सगळ्यांशी आहेत." यात खोटे काही नव्हते. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, देवास. आपला समाज तो केवढा! मी डॉक्टर म्हणून निर्णय दिला : धोका सरला आहे, सांगण्याची गरज नाही. पोटावरच्या व्रणाला 'गाठीचे ऑपरेशन' म्हणावे. मुलीला कुणी विचारले नाही. मीही नाही.

मग फेरतपासणी आली. सहा महिन्यांनी मुंबईला जायचे तर सासरी काय सांगायचे? पहिली वेळ टळली, दुसरी टळली. चौदा महिने तिची एकही तपासणी झाली नाही. मला हे ठाऊक होते. मी स्वतःची समजूत घालत होतो की आता काय व्हायचे आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात तिच्या पोटात दुखू लागले, आणि एका रात्री तिने नवऱ्याला आरंभापासून सगळे सांगितले. दुसऱ्याच आठवड्यात तो तिला घेऊन अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला गेला. सर्व अहवाल स्वच्छ आले. दुखणे साधे होते.

परत येताना तो ग्वाल्हेरला माझ्याकडे आला. चहा घेतला नाही. एवढेच म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर. तिची तपासणी चुकते आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?" मला उत्तर देता आले नाही. ती शेजारी बसली होती. ती म्हणाली, "काका, दर सहा महिन्यांनी काय खोटं सांगायचं, हे मात्र तुम्ही ठरवून दिलं नव्हतंत."

तिच्या सासूबाईंच्या मनातली अढी जायला वर्ष लागले. पूर्ण गेली असे आजही म्हणवत नाही. पण त्यांचा रोष आजारापेक्षा फसवणुकीवर अधिक होता, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही. वहिनी अजूनही म्हणतात की सांगितले असते तर लग्न झाले नसते. कदाचित ते खरेही असेल. पण मुलीचे स्वतःचे मत वेगळे आहे. ऐकून जो गेला असता त्याच्याबरोबर तिला संसार करायचा नव्हता, असे ती म्हणते. तिला विचारले असते, तर हे तिने २०१२ सालीच सांगितले असते.

२०१५ साली तिला दिवस गेले. इंदुरात कुणीतरी नेहमीची फेरतपासणी म्हणून एएफपी केले आणि आकडा वाढलेला आला. त्या रात्री दोन्ही घरांत कुणी झोपले नाही. कारण अगदी साधे. एएफपी गर्भातही तयार होते आणि गरोदरपणी आईच्या रक्तात ते वाढतेच. तेव्हा त्या एका आकड्यावरून रोग उलटला असे म्हणता येत नाही, गाठ शोधायला सोनोग्राफीच हवी. हे तिला कुणी आधी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी बसलो आणि एका पानावर सगळे लिहून काढले. रोगाचे नाव, शस्त्रक्रियेत काय काढले व काय राखले, कोणती औषधे एकूण किती मात्रेत दिली, कोणत्या तपासण्या कधी करायच्या. खाली दोन सूचना तांबड्या शाईने. एक, गरोदरपणी एएफपीचा अर्थ वेगळा. दुसरी, ब्लिओमायसिन दिलेले आहे, तेव्हा भूल देण्याची वेळ आली तर भूलतज्ज्ञास आधी कळवावे, कारण अशा फुप्फुसांना गरजेपेक्षा अधिक ऑक्सिजन बाधू शकतो. पुढे सिझेरियन करावे लागले तेव्हा भूलतज्ज्ञांनी तो कागद वाचून मगच तिला हात लावला. मुलगी झाली. आज ती शाळेत जाते, आणि तिची आई पस्तिशीत आहे.

सगळ्या गोष्टींचा शेवट असा होत नाही, याची मला जाणीव आहे. तरुणींनाच होणारा याहून दुर्मीळ असा एक अंडाशयाचा कर्करोग आहे, रक्तातील कॅल्शियम वाढवणारा स्मॉल सेल प्रकार. १९८२ साली त्याचे वर्णन झाले, २०१४ साली त्यामागचा एसएमएआरसीए४ या जनुकातील बिघाड उमगला. पण तो लवकर सापडला तरी रुग्ण हाती लागेलच असे आजही नाही. त्यात काही घरांमध्ये हा बिघाड आनुवंशिक असतो, म्हणजे बहिणींना आणि मुलींनाही सांगणे आवश्यक ठरते. तिथे लपवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे. आणि उपशम थोडा असला म्हणून तो वाया जातो असेही नाही. डीएनएची रचना उलगडण्यात जिच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा वाटा, त्या रोझालिंड फ्रँकलिन यांना १९५६ साली अंडाशयाचा कर्करोग झाला. दुखणे उतरले की त्या प्रयोगशाळेत परतत आणि विषाणूंच्या रचनेचे काम पुढे नेत. १९५८ च्या एप्रिलमध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. आपल्याला काय झाले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच आपला काळ कसा वापरायचा हे ठरवता येते.

तेव्हा माझ्या व्यवसायबंधू-भगिनींपुढे माझे म्हणणे असे. निदान प्रथम रुग्णाला सांगावे, मग तिच्या संमतीने इतरांना. एकोणीस वर्षांची मुलगी कायद्याने सज्ञान आहे. व्हरांड्यातली कुजबुज आता बंद व्हावी. घरातल्या मुलांना त्यांच्या वयाला पेलेल इतके सत्य सांगावे. रेमिशनचे भाषांतर 'बरी झाली' असे करू नये. "आज रोग दिसत नाही, अमुक काळ आपण पाहत राहू, आणि त्या काळात भीती वाटणे स्वाभाविक आहे," एवढी तीन वाक्ये बोलायला दोन मिनिटे लागत नाहीत. उपचार संपलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती एका पानाचा कागद असावा, आणि तो कपाटात न राहता तिच्या पर्समध्ये असावा. रेल्वेची सवलत जातानाच्या उपचारांपुरती नाही, ठरावीक फेरतपासणीलाही लागू आहे. स्लीपर व थ्री टियर वातानुकूलित डब्यात रुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के सूट मिळते, हेही पुष्कळांना कुणी सांगत नाही. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी तर येथेच होऊ शकते. प्रत्येक वेळी मुंबई गाठलीच पाहिजे असे नाही, फक्त मुंबईच्या डॉक्टरांशी आधी ठरवून घ्यावे.

लग्नाविषयी माझे मत आता पक्के आहे. सांगावे. कधी, किती आणि कोणत्या शब्दांत, हे मुलीने ठरवावे. आणि ती म्हणेल तर आपण डॉक्टरांनी त्या बैठकीला जाऊन बसावे. वधूपक्षाचा डॉक्टर म्हणून नव्हे, रोगाविषयी जे खरे आहे ते सांगणारा म्हणून. आपल्या शब्दाला या गावात अजून मान आहे. तो मान आपण आजवर अशा वेळी गप्प राहण्यासाठी पुष्कळदा वापरला. थोडा बोलण्यासाठीही वापरून पाहू.

शेवटी आपल्या मंडळाला एक विनंती. ज्या घरांनी हे दिवस काढले आहेत आणि जी दुसऱ्या घराशी बोलायला तयार आहेत, अशांची एक वही सचिवांपाशी असावी. नावे त्यांच्या संमतीनेच घ्यावी, आणि ती वहीबाहेर जाऊ नयेत. पुढच्या वेळी एखाद्या आईला निदान कळेल तेव्हा तिला त्याच आठवड्यात दुसरी एक आई भेटावी, एवढाच हेतू. त्या वहीतले पहिले नाव देण्याची तयारी आमच्या मुलीने दाखवली आहे. वहिनींनीही, दोन दिवस विचार करून, होकार दिला आहे.